हिवाळ्यातला पर्च, पिसांची माशी आणि वाळूतले खळगे

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागराच्या किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या दुपारी ओहोटी अगदी तळाला गेली, की काही माणसं रिकाम्या हातांनी ओल्या वाळूवरून चालताना दिसतात. शंखशिंपले वेचायला ती आलेली नसतात. कुठे वाळू खचून चर पडलाय, कुठल्या दांड्याला खिंड पडलीय, कुठल्या खळग्यात पाणी अडकून राहिलंय, एवढंच ती बघतात. मागच्या टेकाडावरचा एखादा खांब किंवा झाड खुणेला धरतात, मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. पाणी चढायला लागलं की हीच माणसं छातीपर्यंतचा रबरी पोशाख चढवून, हातात लांब लवचीक काठी आणि कमरेला प्लास्टिकचं टोपलं बांधून परततात. दुपारी कोरडे पाहिलेले खळगे तोवर फेसाखाली गेलेले असतात. काठी फेकायची ती नेमकी तिथे.

ही माणसं सर्फपर्चच्या मागावर असतात. तळहातासारखा चपटा, रुपेरी अंगाचा हा मासा लाट जिथे फुटते त्या गढूळ, खळबळत्या पट्टीतच चरतो. दक्षिण आणि मध्य कॅलिफोर्नियात अंगावर पितळी पट्टे असलेला बार्ड सर्फपर्च जास्त; उत्तर कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टनच्या वाळूवर लालसर शेपटीचा रेडटेल. वजनाने दोन पौंडांचा भरला तरी गरवणारा खूश होतो. एवढ्याशा माशासाठी ऐन थंडीत, वाऱ्यापावसात, पिसांची माशी घेऊन समुद्रात उतरायचं, हा उद्योग बाहेरून पाहणाऱ्याला विक्षिप्त वाटेल. पण या खेळाची खरी गंमत काठी उचलण्याआधीच, वाळू वाचण्यात असते; आणि ती वाचायला हिवाळ्यासारखा दुसरा ऋतू नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात. एक ओहोटी बेताची, तर दुसरी खूप खोल. उन्हाळ्यात ही खोल ओहोटी पहाटेच्या सुमारास येते, हिवाळ्यात दुपारनंतर. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तर हिवाळी समुद्र इतका मागे हटतो, की एरवी कधी न दिसणारी वाळू लख्ख उन्हात उघडी पडते. शिवाय त्या वाळूला तेव्हा आकार असतो. उन्हाळ्यात हाच किनारा रुंद, गुळगुळीत आणि बराचसा सपाट असतो; त्यात वाचण्याजोगं फारसं काही नसतं.

हा ऋतुबदल नीट मोजला गेला तो युद्धाच्या गरजेपोटी. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं, तर लाटांखालची जमीन कशी असते हे कळायला हवं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले विलर्ड बॅस्कम आणि जॉन आयझॅक्स हे पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारे लष्करी ट्रक घेऊन फुटत्या लाटांत शिरले आणि पॅसिफिक किनाऱ्याची मोजमापं घेत राहिले. बॅस्कम यांचं ‘वेव्ह्ज अँड बीचेस’ हे पुस्तक १९६४ साली आलं आणि लाटांवरच्या लेखनात त्याने मानाची जागा मिळवली. त्यातलं गणित असं : हिवाळी वादळांच्या उंच, खड्या लाटा किनाऱ्याची वाळू ओरबाडून आत नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा घालतात. उन्हाळ्यातल्या बुटक्या, संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. वाळू नाहीशी होत नाही, जागा बदलते.

कोकणातल्या वाचकाला हे नवं नाही. पावसाळ्यात किनारा कापला जातो आणि दिवाळीनंतर भरून येतो, हे तिथे लहान मुलालाही ठाऊक असतं. फरक इतकाच, की कोकणात हे काम नैऋत्य मोसमी वारे करतात आणि कॅलिफोर्नियात अलास्काच्या आखाताकडून येणारी हिवाळी वादळं. एखाद्या वर्षी एल निन्यो जोरात असला की कापणी भलतीच वाढते. २०१५-१६ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची धूप नेहमीच्या हिवाळ्यापेक्षा सरासरी ७६ टक्के जास्त झाल्याचं संशोधकांनी मोजलं आहे.

वाळूचा दांडा आणि किनारा यांच्यामध्ये जो चर राहतो, तो पर्चचा हमरस्ता. दांड्यावरून आत कोसळलेलं पाणी चरात साठतं, वाट शोधत आडवं वाहतं आणि दांड्याच्या खिंडीतून जोराने समुद्राकडे परततं. वाळूतून उपटलेले किडे, खेकडे, झिंगे या प्रवाहाबरोबर घरंगळत जातात. पर्च खिंडीच्या कडेला किंवा खळग्याच्या उतारावर थांबून त्यांची वाट बघतो. म्हणून फार लांब फेकण्यात अर्थ नसतो. मासा बरेचदा वाळूपासून २०-३० फुटांवरच असतो आणि कमरेइतक्या पाण्यात घुसलेला नवखा त्याला तुडवत पलीकडे गेलेला असतो. मुरलेला माणूस पहिली फेक कोरड्या वाळूवर उभा राहूनच करतो.

पर्चचं मुख्य अन्न म्हणजे वाळूत राहणारा एक छोटा खेकडा, शास्त्रीय नावाने एमेरिटा अनालोगा. याला नांग्या नसतात. राखाडी, अंगठ्याच्या पेराएवढा, अंड्याच्या घाटाचा हा प्राणी लाट ओसरता ओसरता पाठीमागून वाळूत शिरतो आणि तोंड समुद्राकडे करून, फक्त डोळे आणि मिशा बाहेर ठेवून बसतो. परतणारं पाणी डोक्यावरून जायला लागलं की पिसांसारख्या दोन मिशा उलगडतात, पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून घेतात आणि पुन्हा मिटतात. पाण्याच्या पातळ थरावर त्या मिशांमुळे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या बारीक रेघा उमटतात. अशा रेघांचा पट्टा दिसला, की तिथे खेकड्यांची वस्ती आहे हे ओळखावं. मादीच्या पोटाखाली भडक नारिंगी अंड्यांचा पुंजका असतो, आणि पर्चसाठी बांधलेल्या बहुतेक माश्यांत नारिंगी धागा किंवा मणी असतो तो याचमुळे.

याच कुळातली एक जात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही आहे. संकोल्ली यांनी १९६५ साली तिचं वर्णन केलं आणि डच कवचधारी-तज्ज्ञ होल्थुइस यांच्यावरून तिला एमेरिटा होल्थुइसी हे नाव दिलं. कॅलिफोर्नियात तर या खेकड्यांची मोजदाद शाळकरी मुलं करतात. ‘लिम्पेट्स’ नावाच्या उपक्रमात विद्यार्थी किनाऱ्यावर दोरी आखून, वाळूचे नमुने चाळून खेकडे मोजतात, त्यांची लांबी टिपतात आणि नोंदी शास्त्रज्ञांच्या हवाली करतात.

हिवाळ्यात मात्र खेकडे कमी होतात. वाळूबरोबर तेही उपटले जातात, बरेच दांड्याकडे वाहून जातात. पर्चच्या पानातला हक्काचा पदार्थ घटला की तो वाळूतल्या अळ्या, झिंगे, लहान मासे असं मिळेल ते खातो. मग गरवणाऱ्यालाही डबीतल्या माश्या बदलाव्या लागतात.

माशी म्हणजे इथे खरी माशी नव्हेच. गळावर हरणाच्या शेपटीचे केस, पिसं, चमकते धागे बांधून केलेलं ते नकली भक्ष्य. साध्या गरवण्यात शिशाचं वजन दोरीला ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये माशीला म्हणावं असं वजन नसतं, म्हणून वजन दोरीतच भरलेलं असतं. काठी मागेपुढे झुलवून ती जड दोरी हवेत उलगडायची आणि टोकाची माशी तिच्यामागून जायची. ही कला वाढली ती संथ नद्यांवर, ट्राउटसाठी. समोरून येणाऱ्या वाऱ्यात ती कशी चालायची, याचं एक उत्तर सॅन फ्रान्सिस्कोतच निघालं. गोल्डन गेट पार्कात काठी फेकण्याच्या सरावासाठी १९३८ साली खास हौद बांधले गेले. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या क्लबच्या सभासदांनी १९४० च्या दशकात ‘शूटिंग हेड’ विकसित केलं : पुढे साधारण ३० फुटांची जड दोरी आणि मागे बारीक, निसरडी दोरी. जड भाग हवेत झेपावला की बारीक दोरीला सोबत खेचून नेतो. समुद्रकाठचे गरवणारे आज हीच जोडणी बुडणाऱ्या दोरीत वापरतात, कारण तरंगती दोरी पहिल्याच लाटेबरोबर पायाशी येऊन पडते.

माश्यांमध्ये क्लाउझर मिनो सगळ्यांत लाडकी. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात ती नदीतल्या बास माशासाठी बांधली. गळाच्या दांडीवर डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे अशा बेताने बसवले, की पाण्यात गळ उलटा होतो आणि त्याचं टोक वर राहतं. वाळूवरून सरपटत येणाऱ्या माशीला हे फार सोयीचं. टोक वाळूवर घासून बोथट होत नाही, शेवाळातही कमी अडकतं.

कमरेच्या टोपल्याचं कारण एकदा तरी त्याच्याशिवाय फेकून पाहिल्याखेरीज पटत नाही. ओढून घेतलेली दोरी पाण्यात सोडली, तर परतणारी लाट तिचा पायांभोवती वेढा घालते, शेवाळ गुंडाळते आणि पुढची फेक तिथेच संपते. टोपल्याच्या तळाला बसवलेले उभे खुंट दोरीचे वेढे सुटे ठेवतात. माशी पडल्यावर दोरी ताठ राखणं हे निम्मं काम. प्रत्येक लाट ती सैल करत किनाऱ्याकडे आणते, आणि सैल दोरीवर पर्चने मारलेली टिचकी हाताला कळतच नाही. म्हणून लाट आत येताना भराभर ओढायचं, परतताना थांबायचं. मासा बरेचदा त्या थांबण्यातच घेतो.

पर्च ज्या खिंडीशी थांबतो, तिथलाच परतीचा प्रवाह माणसाला खेचून नेऊ शकतो. अलास्काकडच्या वादळातून निघालेल्या लाटा दूरवर येऊन दोन लाटांमधलं अंतर १५ सेकंदांच्या पुढे गेलं, की समुद्र बराच वेळ शांत भासतो आणि मग अचानक दोन-तीन लाटा नेहमीपेक्षा कितीतरी वर चढतात. अशा लाटांनी या किनाऱ्यावर अनेक बळी घेतले आहेत, त्यात कोरड्या वाळूवर उभी असलेली माणसंही होती. सॅन फ्रान्सिस्कोचा ओशन बीच तर खेचून नेणाऱ्या प्रवाहांसाठी कुप्रसिद्ध. त्यामुळे जाणते लोक घर सोडण्याआधी भरतीच्या तक्त्याबरोबर स्क्रिप्स संस्थेच्या लाटमापक तरंडांचे आकडेही बघतात. रबरी पोशाखावर कमरपट्टा घट्ट बांधणं आणि समुद्राकडे पाठ न करणं हे पहिले नियम.

या माशाने शास्त्रज्ञांनाही एकदा चांगलंच चकवलं होतं, आणि तेही एका गरवणाऱ्यामुळे. १८५२ च्या जूनमध्ये ए. सी. जॅक्सन नावाचे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्को उपसागरात सॉसालिटोजवळ न्याहारीपुरते मासे पकडत होते. पकडलेल्या माशाच्या पोटात त्यांना जिवंत, पूर्ण वाढलेली पिलं सापडली. त्यांनी हार्वर्डच्या लुई अगासिझ यांना कळवलं. काटेरी पराच्या, पर्चसारख्या दिसणाऱ्या माशाने पिलं जन्माला घालावीत, हे अगासिझना आधी खरं वाटेना. नमुने हाती आल्यावर मात्र त्यांनी १८५३ मध्ये या माशांचं स्वतंत्र कुळच जाहीर केलं आणि पहिल्या जातीला जॅक्सन यांचं नाव दिलं : एम्बिओटोका जॅक्सनी. आज या कुळात वीसहून अधिक जाती आहेत. बहुतेक उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, थोड्या जपान-कोरियाकडे, आणि एक कॅलिफोर्नियाच्या गोड्या पाण्यात.

बार्ड सर्फपर्चचं मीलन शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला होतं. पिलं जन्मतात वसंतापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत. मधले महिने ती आईच्या पोटात असतात. त्यांचे पर तेव्हा अवाजवी मोठे आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले असतात. आईच्या शरीरातून प्राणवायू आणि पोषण घेण्यात या परांचा वाटा असतो. कॅलिफोर्नियाच्या मत्स्य खात्याच्या नोंदींनुसार एका मादीच्या पोटात ४ पासून ११३ पर्यंत पिलं आढळली आहेत, सरासरी ३३. लाखांनी अंडी सोडणाऱ्या समुद्री माशांपुढे हा आकडा अगदी किरकोळ. मादी जितकी मोठी, तितकी पिलं जास्त. थोडक्यात, हिवाळ्यात गळाला लागलेला सर्वांत मोठा, फोटोत मिरवण्याजोगा पर्च म्हणजे बहुधा गाभोळी मादी.

महाराष्ट्रात विणीच्या काळासाठी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. कॅलिफोर्नियात नियम तुकड्यांचे आहेत. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात एप्रिल ते जुलै हौशी गरवणाऱ्यांना सर्फपर्च बंद. उघड्या समुद्राच्या वाळूवर मात्र वर्षभर खुला. दिवसाला एकूण २०, त्यात एका जातीचे १० पेक्षा जास्त नाहीत. रेडटेल साडेदहा इंचांहून लहान असेल तर सोडायचा. हिवाळ्यातल्या गाभोळ्या मादीबद्दल कायदा गप्प आहे, तेव्हा निवाडा गरवणाऱ्याकडेच येतो. नर ओळखणं अवघड नसतं : मासा उलटा धरला की पोटामागच्या परावर नराला एक फुगीर, बदललेला भाग दिसतो, मादीचा पर साधा असतो. पुष्कळ माशीवाले गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकतात आणि मादीला वाळूवर न ओढता घोटाभर पाण्यातच सोडवतात, कारण कोरड्यावर तडफडताना ती पिलं अकाली टाकू शकते. नर आणि मध्यम मासे घरी जातात. पांढऱ्या, मऊ मांसाचा पर्च तव्यावर तळून छान लागतो, आणि ज्यांना तो खायचाच आहे त्यांना एका जातीचे दहा पुरून उरतात.