लाल दिवा लागला तर...

मंत्र्यांच्या आणि साहेबलोकांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले. पण जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक वाटाण्याएवढा लाल दिवा असतो, त्याचा मान मात्र अजून तेवढाच आहे. तो लागला की गाडीने थांबायचे असते. हा दिवा ऑईलचा. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आज आपण समजून घेऊ.

उदाहरणाला आपल्या ओळखीची गाडी घेऊ, प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी म्हणजे मूळची फियाट ११००. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. हौशी मंडळींनी जपलेल्या घरच्या गाड्या मात्र अजून आहेत. त्यांचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, साधे आणि चिवट. पण ऑईलशिवाय चालेल इतके चिवट इंजिन अजून कोणी बनवलेले नाही.

पहिला गैरसमज आधी दूर करू. हा दिवा ऑईल किती आहे ते दाखवत नाही, ऑईलचा दाब दाखवतो. इंजिनच्या तळाशी असलेल्या चेंबरमधून पंप ऑईल ओढतो आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत दाबाने पोचवतो. तिथे ऑईलचा एक पातळ थर तयार होतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो. दाब गेला की थर फाटतो, धातूला धातू घासतो आणि काही मिनिटांत बेअरिंग खलास होते.

इंजिनच्या अंगावर एक छोटा स्विच बसवलेला असतो. त्याला एकच वायर येते. दाब नसताना स्विच ती वायर इंजिनच्या अंगाशी जोडतो, सर्किट पुरे होते आणि दिवा लागतो. दाब चढला की आतला पडदा ढकलला जातो, जोड तुटतो आणि दिवा विझतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधी दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर आनंद मानू नका. वायर स्विचवरून काढून इंजिनच्या अंगाला टेकवा. दिवा लागला तर स्विच बिघडला आहे. नाही लागला तर बल्ब, फ्यूज किंवा वायर तपासा. मुका झालेला पहारेकरी हा नसलेल्या पहारेकऱ्यापेक्षा वाईट, कारण आपण त्याच्या भरवशावर झोपतो.

आता चालत्या गाडीत दिवा लागला तर? गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. ‘घर दोनच किलोमीटरवर आहे’ हा विचार मनात येतोच. पण हे बहुतेक स्विच चौरस इंचाला जेमतेम ५ पौंडांच्या आसपास दाब उरला की दिवा लावतात. म्हणजे दिवा लागेपर्यंत दाब जवळजवळ संपलेला असतो. ते दोन किलोमीटर क्रँक घासायला पुरतात, आणि या गाड्यांचे सुटे भाग आता शोधत हिंडावे लागतात. त्यापुढे गाडी ओढून नेण्याचा खर्च काहीच नाही.

सपाट जागी पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहा. ऑईल खालच्या खुणेच्या खाली असेल तर भरा. पण ते गेले कुठे, हा प्रश्न उरतोच. गाडीखाली डाग म्हणजे गळती, सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. वळणावर किंवा ब्रेक मारताना दिवा लुकलुकत असेल तरी आधी पातळीच पाहावी. कमी ऑईल एका बाजूला पळते आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते.

डिपस्टिकचा वासही घ्या. पेट्रोलचा वास आला तर पेट्रोलपंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये उतरत असण्याची शक्यता आहे. ऑईल दुधाळ कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. मग हेड गॅस्केटकडे लक्ष द्या.

पातळी ठीक, ऑईलही स्वच्छ, तर वायरची पाळी. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा, स्विचवरची वायर काढा आणि ती कुठे टेकू देऊ नका. दिवा तरीही जळत राहिला तर वायर वाटेत कुठेतरी सोलवटून बॉडीला लागली आहे. दिवा विझला तर वायर निर्दोष. मग दोष एकतर स्विचचा किंवा खरोखरच दाबाचा.

इथे अनेक जण नवा स्विच बसवून मोकळे होतात. स्विच स्वस्त आहे हे खरे, पण अंदाज महाग पडू शकतो. मेकॅनिकला सांगून स्विचच्या जागी काट्याचे प्रेशर गेज लावून घ्या. इंजिन पुरते तापू द्या. काटा पडू लागला तर तत्क्षणी बंद करा. मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड दाब, हा जुना ठोकताळा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. गेज ठीक दाखवत असेल तर स्विच खुशाल बदला.

दाब खरोखर कमी असेल तर स्वस्ताकडून महागाकडे जावे. योग्य ग्रेडचे ताजे ऑईल आणि फिल्टर. मग दाब सोडणारा व्हॉल्व्ह अडकला आहे का, त्याची स्प्रिंग सैल झाली आहे का. मग चेंबर उतरवून गाळाने तुंबलेली जाळी आणि झिजलेला पंप. सर्वांत शेवटी बेअरिंग. आतून ठकठक ऐकू येत असेल तर मात्र हा क्रम सोडा आणि इंजिन खोला.

गरम इंजिन सावकाश चालताना दिवा मिणमिणतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच विझतो, ही तक्रार नेहमीची. तापलेले ऑईल पातळ होते, पंपही हळू फिरतो. आयडलिंग नेमून दिल्यापेक्षा खाली उतरले असेल तर ते जागेवर आणावे. पण ते गरजेपेक्षा चढवून किंवा जाड ऑईल ओतून दिवा गप्प करणे म्हणजे ताप उतरला असे दाखवायला थर्मामीटर झटकणे. झिजलेले बेअरिंग वेळीच बदलले तर खर्च बेअरिंगपुरता राहतो. उशीर झाला तर क्रँकचा होतो.

तेव्हा रोज गाडी काढताना किल्ली फिरवून क्षणभर थांबा. दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला, एवढे पाहूनच गिअर टाका.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)