एकाच आजारावर निरनिराळी औषधे का?

स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, या आजाराच्या दोन रुग्णांना डॉक्टर वेगवेगळ्या गोळ्या देतात, तेव्हा नातेवाईक बुचकळ्यात पडतात. शेजारच्या रुग्णाला मानवलेली गोळी आपल्या माणसाला देऊन पाहण्याचा मोहही होतो. तो धोक्याचा आहे, आणि त्याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे.

मेंदूतील पेशी एकमेकींना रसायनांद्वारे निरोप देतात. निरोप स्वीकारणाऱ्या जागेला रिसेप्टर म्हणतात. १९५२ साली पॅरिसमधील सेंत-आन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना दिले. भास व संशय ओसरले. परंतु ते का, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. उलगडा पुढे झाला : हे औषध डोपामिन या रसायनाच्या डी-२ रिसेप्टरवर ठाण मांडते आणि डोपामिनला तेथे जागा मिळू देत नाही.

हॅलोपेरिडॉल तर तेथे फारच घट्ट बसते. मात्र शरीराच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागातही हेच रिसेप्टर असतात. साधारण ८० टक्क्यांहून अधिक रिसेप्टर अडले, की हात कापू लागतात, अंग आखडते, चेहरा निर्विकार दिसतो. 'औषधाने माणूस पार बिघडला' म्हणून घरची मंडळी गोळी परस्पर बंद करतात, आणि आजार उलटतो. वस्तुतः मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हे उपाय डॉक्टरांच्या हाती असतात. त्यांना फक्त सांगावे लागते.

क्लोझापिन डी-२ वर सैल बसते व लवकर सुटते. सेरोटोनिनच्या रिसेप्टरवरही त्याचा प्रभाव असतो. इतर औषधांनी गुण न आलेल्यांना ते तारते. मात्र क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. क्लोझापिन व ओलान्झापिन हिस्टामिनचे रिसेप्टरही अडवतात. त्यामुळे झोप येते, भूक व वजन वाढते. हा रुग्णाचा आळस किंवा अधाशीपणा नव्हे. ॲरिपिप्राझोलची तऱ्हा निराळी : ते डी-२ वर बसून त्याला थोडेसे चालूही ठेवते. काहींना त्याने अस्वस्थता येते, एका जागी बसवत नाही.

ही सारी औषधे कमीअधिक प्रमाणात डी-२ भोवतीच फिरतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन व ट्रॉस्पियम या जोडऔषधाला मान्यता मिळाली. ते डी-२ ला न अडवता ॲसिटिलकोलिनच्या रिसेप्टरमार्फत काम करते.