सोंगटीपासून सोंगापर्यंत

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात 1969 च्या सुमारास डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने मित्रांसाठी एक युद्धखेळ मांडला. काळ नेपोलियनचा, गाव ब्राउनस्टाइन नावाचे काल्पनिक जर्मन, आणि त्यावर चालून येणाऱ्या फौजा. खेळायला अपेक्षेपेक्षा जास्त मंडळी जमली. फौजा सांभाळायला मोजकीच माणसे लागणार होती. उरलेल्यांना वेस्लीने गावातली माणसे वाटून दिली. कुणी नगराध्यक्ष, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. फौजा राहिल्या बाजूला, डाव हाताबाहेर गेला. खेळाडू एकेकटे कोपऱ्यात जाऊन कारस्थाने रचू लागले, दोघांनी तर द्वंद्वयुद्धच पुकारले. द्वंद्वयुद्धाचा नियम कुठे होता? वेस्ली तिथल्या तिथे निकाल देत राहिला. खेळ फसला, अशी त्याची खात्री झाली. मित्रांनी मात्र पुन्हा असाच डाव मांडायला लावला.

ज्या खेळाला आज ‘टेबलटॉप रोलप्लेइंग गेम’ म्हणतात, त्याची पाळेमुळे या डावात सापडतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार समोरचा प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो, आणि निकाल दोन्हीकडे झुकू शकतो तिथे फासे पडतात. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. डाव संपतो तेव्हा सगळ्यांच्या हाती एक गोष्ट उरते. ती गोष्ट कुणाची, या प्रश्नाभोवती या खेळाची पन्नास वर्षे फिरली आहेत.

पंचाची खुर्ची

सूत्रधाराची खुर्ची सैन्यातून आली. प्रशियात 1824 साली राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने ‘क्रीगश्पील’ हा युद्धाभ्यासाचा खेळ सिद्ध केला. दोन्ही पक्षांनी पंचाकडे लेखी हुकूम द्यायचे, पंचाने नकाशावर ठोकळे हलवायचे, फासे टाकून नुकसान ठरवायचे आणि प्रत्येक पक्षाला त्याच्या सैन्याला दिसेल तेवढेच सांगायचे. पुढे 1876 मध्ये व्हर्दी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्याने कोष्टकांचे जंजाळ कमी करून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर दिला. अमेरिकी लष्करातल्या चार्ल्स टॉटनने 1880 मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ हे पुस्तक लिहिले. नियमात नसलेली गोष्टही खेळाडूने करून पाहावी आणि पंचाने तिचा निकाल द्यावा, हा विचार वेस्लीने याच पुस्तकातून उचलला. प्रशियन अधिकारी मात्र पलटणी हलवत होते. ब्राउनस्टाइनमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला एकच माणूस आला आणि त्या माणसाला स्वतःची इच्छा होती. सोंगटी हलवणाऱ्याने सोंग घेतले, तिथे कथा सुरू झाली.

मरू न देण्याचा नियम

वेस्लीच्या मित्रांपैकी डेव्ह आर्नेसनने 1971 मध्ये ‘ब्लॅकमूर’ नावाचे मध्ययुगीन राज्य रचले आणि खेळाडूंना किल्ल्याखालच्या भुयारांत उतरवले. लढाईसाठी त्याने गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाचे नियम घेतले. त्यांत एका फाशात माणूस मरे. पलटणीतला शिपाई मेला तर कुणाला वाईट वाटत नव्हते. इथे मात्र महिनाभर जपलेले, नाव-गाव असलेले पात्र एका घावात जाऊ लागले आणि खेळाडू कुरकुरू लागले. तेव्हा आर्नेसनने आपल्या आरमारी खेळातली तरतूद आणली. जहाज जसे अनेक गोळे खाऊन मग बुडते, तसा माणूसही अनेक घाव सोसून मग पडेल. हाच पुढचा ‘हिट पॉइंट’. आज जगभरच्या व्हिडिओ गेममध्ये दिसणारी ती आयुष्याची पट्टी एका पात्रावरच्या मायेतून जन्मली, हे मला फार मोलाचे वाटते. इथे कथेच्या ओढीने नियम बदलला.

गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जानेवारी 1974 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून निघाला. एका पेटीत तीन पुस्तिका, पहिल्या आवृत्तीच्या 1000 प्रती. मुखपृष्ठावर ‘रोलप्लेइंग’ हा शब्द नव्हता. तिथे युद्धखेळाचे नियम असाच उल्लेख होता. आपण काय घडवले, हे घडवणाऱ्यांनाही हळूहळूच उमगले.

नियम गोष्ट घडवतात

नियम आणि कथा या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असा समज पुष्कळांचा असतो. इतिहास वेगळेच सांगतो. सुरुवातीच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये भुयारातून आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेमागे पात्राला वरच्या पायरीवर नेणारा एक अनुभवगुण मिळे, तर राक्षस मारण्याचे गुण त्या मानाने थोडे. साहजिकच खेळाडू लढाई टाळून खजिना लांबवण्याच्या युक्त्या शोधत, आणि गोष्टी चतुर लुटारूंच्या होत. याउलट 1981 मध्ये सँडी पीटरसनने लिहिलेल्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’त पात्राच्या मानसिक स्वास्थ्याला अंक दिले आणि अमानवी सत्य समोर आले की ते घटतील, असा नियम केला. जाणण्याची किंमत मोजावी लागते, हे भयकथेचे मर्म एका नियमात उतरले. तिथे शौर्यकथा घडवू म्हटले तरी घडत नाही.

रुळांवरची गोष्ट

कथेची गोडी लागली तशी ती आधीच लिहून ठेवण्याचा मोहही झाला. 1984 मध्ये ट्रेसी हिकमन आणि सहकाऱ्यांची ‘ड्रॅगनलान्स’ ही साहसमालिका निघाली. नायक-नायिका तयार, महायुद्धाचा आराखडा तयार, आणि त्याच वर्षी मार्गारेट वाइस व हिकमन यांची कादंबरीही बाजारात. असंख्य वाचकांनी ती डोक्यावर घेतली. पण खेळायला बसणाऱ्यांची पंचाईत झाली. महत्त्वाचे पात्र पुढच्या प्रकरणात लागणार असेल, तर ते आज मरून कसे चालेल? ठरलेल्या गावाला न जाता खेळाडू दुसरीकडेच निघाले तर काय करायचे? अशा डावाला खेळाडू ‘रेलरोड’ म्हणू लागले. गाडी रुळांवरून जाते, प्रवासी फक्त खिडकीतून बघतो.

याला एक नेमके उत्तर व्हिन्सेंट आणि मेग्वे बेकर यांनी 2010 मध्ये ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मधून दिले. सूत्रधाराने कथानक आखूच नये, असे त्यांनी खेळाच्या गाभ्यातच बसवले. दोन साधे फासे टाकायचे. बेरीज 10 किंवा वर गेली तर काम फत्ते. 7 ते 9 आली तर काम होते, पण किंमत पडते. 6 किंवा खाली आली तर संकट वाढते. फाशांच्या 36 शक्यतांपैकी 15 या मधल्या गटात पडतात. म्हणजे पात्राच्या गुणांची भर न घालताही पाचांत दोनदा तरी ‘झाले खरे, पण’ असा निकाल येतो. आणि त्या ‘पण’मध्येच पुढचा प्रसंग दडलेला असतो. पुढे काय होणार हे सूत्रधारालाही खेळूनच कळते.

अशी गोष्ट खेळता खेळता घडवणारा माणूस नेमका कोण असतो? मिनेसोटाच्या खेळाडूंमध्ये वावरून समाजशास्त्रज्ञ गॅरी अॅलन फाइन यांनी 1983 मध्ये ‘शेअर्ड फॅन्टसी’ हे पुस्तक लिहिले. टेबलाशी बसलेला माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर असतो, असे त्यांनी दाखवले. तो घरी वेळेत पोचायची काळजी असलेला माणूस असतो, नियम जाणणारा खेळाडू असतो आणि तलवार उपसणारे पात्रही असतो. आपल्याकडचा दशावतारी नटही असाच. त्याच्या हाती संहिता नसते, आख्यान ठाऊक असते आणि संवाद उभ्या उभ्या रचायचे असतात. पण दशावतारात शेवटी संकासुर हा राक्षस मरणारच. या खेळात तेही ठरलेले नसते, आणि माझ्या मते त्याचे खरे वेगळेपण तेच आहे.

2015 पासून ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमात व्यावसायिक आवाजकलाकारांचा डाव लाखो लोक पाहू लागले, आणि 2022 मध्ये त्यांच्या गोष्टीवर अॅनिमेशन मालिका आली. ते पाहून नवख्या सूत्रधाराला वाटते, आपल्याला कादंबरीकार व्हावे लागेल. तसे नाही. हा खेळ मांडू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझे एवढेच सांगणे आहे: गाव रचा, गावातल्या माणसांच्या गरजा आणि भांडणे रचा, आणि शेवट टेबलाभोवती बसलेल्या माणसांवर सोडा.