दशपर्णी अर्क : पाला औषधी, पण हाताळणी जपून

गुढीपाडव्याच्या दिवशी कडुनिंबाची कोवळी पाने गुळाबरोबर खाण्याची आपली जुनी रीत आहे. त्याच कडुनिंबाचा ५ किलो पाला २०० लिटरच्या पिंपात घालून त्यात निर्गुडी, करंज, सीताफळ, पपई, एरंड, मोगली एरंड, घाणेरी, रुई, कण्हेर यांचा प्रत्येकी २ किलो पाला, मिरची-लसणाचा ठेचा, शेण व गोमूत्र मिसळून महिनाभर कुजविले, म्हणजे दशपर्णी अर्क तयार होतो. खर्च थोडा असल्याने किडींच्या बंदोबस्तासाठी अनेक शेतकरी तो घरीच करतात. मात्र ‘झाडपाल्याचेच औषध, त्याची भीती कसली?’ असा प्रश्न आम्हांस हटकून विचारला जातो. त्याचे उत्तर त्या पिंपातच आहे.

कण्हेरीचेच पाहा. तिच्या पानांतील विषारी द्रव्य हृदयावर परिणाम करते. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने डिजिटॅलिसच्या पानांविषयी ग्रंथ लिहिला. त्या पानांपासून पुढे हृदयविकारावरील औषधे निघाली. कण्हेरीतील द्रव्य त्याच जातीचे असून औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत तेथे फारच थोडे अंतर असते. पाने वाळविली किंवा उकळली तरी हे विष नाहीसे होत नाही.

रुईची गोष्ट निराळी. पाला तोडताना व चिरताना तिचा चीक हाताला लागतो आणि त्याच हाताने घाम पुसला जातो. चीक डोळ्यात गेल्यावर पुष्कळदा फारसे दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. पण पुढे बुबुळास सूज येऊन दिसणे अंधूक होते. असे झाल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. सीताफळाच्या बियांची पूडही डोळ्यांस अशीच घातक आहे. पाला चिरताना हातमोजे व चष्मा वापरणे हाच खरा उपाय होय.

काही जण अर्कात धोतराही घालतात. तो पोटात गेल्यास तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, रोगी असंबद्ध बडबडू लागतो. घरी लहान मुले असल्यास कण्हेर व धोतरा वगळावेत, असे आमचे मत आहे. पाल्यांची संख्या दहा भरलीच पाहिजे, असा काही शास्त्राचा दंडक नाही.

अर्क गाळल्यावर उरणारा चोथा गोठ्याजवळ टाकू नये, खड्ड्यात पुरावा. घाणेरीने जनावरांचे यकृत बिघडते आणि कण्हेरीने तर जनावर दगावते. फवारणी वाऱ्याच्या दिशेने, तोंडाला फडके बांधून करावी. कंपनीच्या औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबावे हे छापलेले असते. घरच्या अर्कावर कोण छापणार? त्यातून त्यात शेण-गोमूत्र असते. म्हणून कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर काढणी जवळ आल्यावर तो मुळीच फवारू नये.

सर्वांत मोठा धोका मात्र शेतात नसून घरात आहे. उरलेला अर्क पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवला जातो. तो वेगळ्या डब्यात, ठळक चिठ्ठी लावून, कुलपात ठेवावा. कोणाच्या पोटात गेलाच, तर मीठ-पाणी पाजून उलटी करविण्याच्या भरीस न पडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रोग्याबरोबर ती बाटली व वापरलेल्या पाल्याची एकेक डहाळी दवाखान्यात न्यावी.