न सुटणारी गाठ

मुलांनो, कुणाचे घर बदलताना तुम्ही पाहिले आहे का? भांडी पोत्यात जातात, कपडे पेटीत जातात. पण सतरंजीची लांब गुंडाळी, पलंगाच्या सुट्या फळ्या, मच्छरदाणीच्या काठ्या यांचे काय करायचे? एक उचलावी तर दुसरी निसटते. मग कोणीतरी म्हणते, ''अरे, आधी बांधून घ्या!''

सिंगापूर हा समुद्राने वेढलेला एक छोटा देश आहे. त्याच्या पूर्व भागात, समुद्रकाठी, पासिर रिस नावाची वस्ती आहे. मलाय भाषेत 'पासिर' म्हणजे वाळू. येथे वाळूचा किनारा आहे, मोठी बाग आहे आणि उंच उंच इमारती आहेत. समजा, अशाच एका इमारतीत नवव्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहते. त्याला घर बदलायचे आहे. सगळे सामान लिफ्टमधून खाली न्यायचे आहे. त्यात गणपतीच्या मखराच्या लांब नळ्याही आहेत. लिफ्टमध्ये नळ्या पसरल्या, तर दार लागणार नाही. अशा वेळी सुतळीऐवजी नायलॉनची एक चपटी पट्टी कामाला येते. तिला केबल टाय म्हणतात. आपल्याकडेही विजेच्या सामानाच्या दुकानात ती मिळते.

ही पट्टी हातात घेऊन नीट पाहा. तिचे एक टोक निमुळते असते. ती तिची शेपटी. दुसऱ्या टोकाला चौकोनी डोके असते आणि डोक्यात एक भोक असते. पट्टीच्या एका बाजूवर बोट फिरवा. बारीक बारीक दाते लागतील. डोक्याच्या भोकातही एक छोटा खटका असतो. शेपटी भोकातून ओढली की 'कर्र कर्र' असा आवाज येतो. दाते तिरपे असतात. पुढे जाताना ते खटक्यावरून घसरत जातात. मागे येऊ लागले, की खटका दात्यात घट्ट अडकतो. म्हणून पट्टी पुढे सरकते, पण मागे येत नाही. जितके मागे ओढावे, तितका खटका अधिकच रुतून बसतो.

सायकलचे पेडल उलटे फिरवले, की मागच्या चाकातून 'टक् टक्' आवाज येतो. तिथेही दाते आणि खटकाच असतो. तोही एकाच दिशेने पकडतो.

ही पट्टी कशी तयार झाली, त्याचीही गोष्ट आहे. विमानात तारांचे मोठाले झुबके असतात. पूर्वी ते मेण लावलेल्या दोऱ्याने बांधत. प्रत्येक गाठ बोटाला दोरा गुंडाळून करकचून ओढावी लागे. त्यामुळे कामगारांची बोटे कापत, हाताला घट्टे पडत. अमेरिकेतील मॉरस लोगन यांनी १९५६ मध्ये विमानाच्या एका कारखान्यात हे पाहिले. यापेक्षा सोपा उपाय असला पाहिजे, असे त्यांना वाटले. त्यांनी खटपट केली आणि १९५८ मध्ये ही नवी पट्टी तयार झाली. विमानातील तारांसाठी निघालेली ही युक्ती पुढे घराघरांत पोहोचली.

आता मोठी वस्तू कशी बांधायची ते पाहू. हे काम दोघांनी करावे. एकाने गुंडाळी दाबून धरावी, दुसऱ्याने पट्टी ओढावी. लांब वस्तूला एकच पट्टी मधोमध बांधू नका. दोन्ही टोकांजवळ एकेक आणि मध्ये एक, अशा तीन पट्ट्या बांधा. म्हणजे टोके पसरत नाहीत. पट्टी आखूड पडली, तर एकीची शेपटी दुसरीच्या डोक्यात घाला. अशा दोन-तीन पट्ट्या जोडून मोठा वेढा होतो. लाकडावर ओरखडा पडू नये, म्हणून पट्टीखाली जुने कापड ठेवा.

पट्टीची ताकद तिच्या रुंदीवर असते. सुमारे ५ मिलिमीटर रुंदीची चांगली पट्टी साधारण २२ किलोग्रॅमची ओढ सोसते. साडेसात मिलिमीटरची पट्टी ५० किलोग्रॅमपेक्षा जास्त ओढ सोसते. तरी पट्टीला धरून सामान कधीही उचलू नये. ती वस्तू एकत्र धरण्यासाठी आहे, भार पेलण्यासाठी नाही. उचलताना हात खालूनच घालावा.

सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे. तिथे वर्षभर ऊन कडक असते. उन्हात पांढरी पट्टी हळूहळू ठिसूळ होते आणि तुटते. काळ्या पट्टीत काजळीसारखी पूड मिसळलेली असते. म्हणून ती उन्हात जास्त टिकते.

या पट्टीचा गुण तोच तिचा दोष आहे. सुतळीची गाठ सोडता येते, सुतळी पुन्हा वापरता येते. ही पट्टी मात्र बहुधा कापावीच लागते. म्हणून ती गमतीनेसुद्धा बोटात, मनगटात किंवा मांजराच्या गळ्यात घालू नये. ती सैल होत नाही आणि रक्त अडते. पट्टी मोठ्या माणसांकडूनच कापून घ्यावी. कापलेले टोक धारदार असते.

रोपाला काठीचा आधार देतानाही ही पट्टी बांधून विसरू नका. झाड वाढते, खोड जाड होते. पट्टी मात्र तेवढीच राहते. ती सालीत रुतते. पानांनी तयार केलेले अन्न सालीतूनच मुळांकडे जाते. ती वाटच बंद झाली, तर झाड वाळते. त्यापेक्षा मऊ कापडाची सैल पट्टी बांधावी.

पासिर रिसच्या बागेत तिवरांचे जंगल आहे. लाकडी पुलावरून चालत ते पाहता येते. आपल्या कोकणातील खाड्यांच्या काठीही अशीच तिवरे असतात. भरतीचे पाणी तिवरांच्या मुळांत शिरते. कोणी टाकलेले प्लॅस्टिक तिथे अडकून बसते. सुतळी मातीत कुजते, नायलॉन लवकर कुजत नाही. म्हणून कापलेली पट्टी कचऱ्याच्या डब्यातच टाकावी. काही पट्ट्यांचा खटका बोटाने दाबून उघडता येतो. त्या पुन्हा पुन्हा वापरता येतात. शक्य तिथे त्याच घ्याव्यात.

नव्या घरी सामान पोहोचले, की पट्ट्या कापल्या जातात. नळ्या मोकळ्या होतात. मखर पुन्हा उभे राहते. मुलांनो, बांधणे सोपे असते. पण जो बांधतो, त्याने सोडण्याचीही आठवण ठेवावी.

स्वाध्याय

१. केबल टायची पट्टी पुढे सरकते, पण मागे का येत नाही?
२. लांब वस्तूला तीन ठिकाणी पट्टी का बांधावी?
३. कारणे लिहा : रोपाला ही पट्टी बांधून विसरू नये.
४. सुतळी आणि केबल टाय यांतील दोन फरक सांगा.
५. उपक्रम : तुमच्या घरी कोणकोणत्या वस्तू कशाकशाने बांधल्या आहेत, त्याची यादी करा.