चेकबॉक्स: टिक कधी घ्यायची, आकडा कधी मागायचा

नवशिक्यांसाठी डेस्कटॉप प्रोग्रामिंगच्या आपल्या गप्पांमध्ये आजचा विषय चेकबॉक्स. कोडिंग नुसतं कानाने ऐकून डोक्यात शिरत नाही, निदान माझ्या तरी नाही, म्हणून नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. ऐकणाऱ्यांनी ऐका, वाचणाऱ्यांनी वाचा.

आधी एक गोंधळ मिटवू. तुम्ही बहुतेक जण मोबाइलवाले. सेटिंग्जमध्ये वायफाय चालू-बंद करायला जी सरकणारी पट्टी असते ना, तो चेकबॉक्स नाही, तो स्विच. स्विच सरकवला की काम त्याच क्षणी होतं. चेकबॉक्सवर टिक केली तरी फॉर्म जागेवरच असतो. तुम्ही चार टिका करता, एक काढता, विचार बदलता, आणि मग ‘सेव्ह’ दाबता. कागदी फॉर्मवर पेनाने खूण करतो तसंच. आणि रेडिओ बटण म्हणजे चारपैकी एकच निवडायचं. चेकबॉक्समध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्र, एकीचा दुसरीशी संबंध नाही.

आता उदाहरण. माझं गाव शेलूबाजार, तालुका मंगरुळपीर, जिल्हा वाशीम. समृद्धीवरून जाताना पाटी पाहिली असेल. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे एकच विषय असतो, सोयाबीन. समजा एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामासाठी आपल्याला छोटं ॲप बनवायचंय. माल आला की नोंद करायची: शेतकऱ्याचं नाव, कट्टे किती, वजन किती, चाळणी केली का, ओलावा बसतो का. डेस्कटॉप ॲपच का? टेबलावर जुना विंडोज कॉम्प्युटर आहे, त्याला प्रिंटर जोडलेला आहे, आणि नेट गेलं तरी काटा थांबत नाही. एवढी कारणं पुरे.

मी सी शार्प आणि विंडोज फॉर्म्स घेतोय. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती शिकणाऱ्यांना फुकट मिळते. डावीकडच्या टूलबॉक्समधून चेकबॉक्स उचला आणि फॉर्मवर टाका. मग प्रॉपर्टीजच्या खिडकीत तीन गोष्टी बघा. ‘टेक्स्ट’ म्हणजे चौकटीशेजारी दिसणारं वाक्य. ‘नेम’ म्हणजे कोडमध्ये तिला हाक मारायचं नाव. हे ‘चेकबॉक्स१’ असंच ठेवू नका, आठ दिवसांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही. तिसरी ‘चेक्ड’. टिक असेल तर ट्रू, नसेल तर फॉल्स. सेव्ह दाबल्यावर कोडमध्ये ही किंमत वाचायची. एवढ्यावर तुमचा पहिला चेकबॉक्स चालू झाला.

बहुतेक व्हिडिओ इथेच संपतात. खरी गंमत इथून पुढे आहे.

‘ओलावा १२ टक्क्यांच्या आत’ अशी चौकट टाकायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. मीटर लावलं, आकडा बसला, टिक केली, झालं. आता २०२४ चा हंगाम आठवा. हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, बाहेर भाव त्याच्या बराच खाली, आणि ओलाव्यामुळे माल परत जात होता. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. म्हणजे कालपर्यंत परत गेलेल्यांपैकी काहींचा माल आज बसणार होता.

कोणाकोणाचा? आपल्या ॲपला विचारा. त्याच्याकडे नुसत्या रिकाम्या चौकटी आहेत. एकाचा ओलावा १३.५ होता, त्याची चौकट रिकामी. दुसऱ्याचा १९ होता, त्याचीही रिकामी. तिसऱ्याचं मोजायचंच राहिलं होतं, त्याचीही रिकामीच. पहिल्याला आज फोन करायला हवा, दुसऱ्याला अजून वाळवायला सांगायला हवं, तिसऱ्याला नमुना घेऊन बोलवायला हवं. तीन वेगळे शेतकरी, आणि ॲपच्या लेखी तिघे एकच. पहिल्याला निरोप गेला नाही आणि तो बाहेर पडेल भावात विकून मोकळा झाला, तर फरक क्विंटलमागे त्याच्या खिशातून जातो.

म्हणून माझा नियम: जी गोष्ट मोजता येते तिचा आकडाच साठवायचा. ओलाव्यासाठी आकड्याची पेटी द्या. विंडोज फॉर्म्समध्ये तिला ‘न्यूमरिक अपडाउन’ म्हणतात. ‘बसतो की नाही’ हे ॲपने ठरवावं, आणि मर्यादा सेटिंगमध्ये एकाच जागी ठेवावी. उद्या १२ चे १५ झाले, परत १२ झाले, तरी एक आकडा बदलला की सगळ्या जुन्या नोंदी नव्याने तपासल्या जातात. एक सांभाळा मात्र. ही पेटी सुरुवातीला शून्य दाखवते, आणि न मोजलेल्या मालाचा ओलावा शून्य धरला तर तो बिनधास्त पास होईल. त्यामुळे आकडा भरला आहे की नाही हे वेगळं तपासायचं. आमच्याकडे काट्यावरचा माणूस सरळ विचारेल, “अजून मोजलंच नाही तं टिक कायले मारू?” बरोबरच आहे त्याचं.

चाळणीचं तसं नाही. चाळणी केली किंवा नाही केली, त्यात आकडा नाही, तिथे चेकबॉक्स शोभतो. पण ‘अजून विचारलंच नाही’ हा तिसरा प्रकार तिथेही राहतो. त्यासाठी ‘थ्रीस्टेट’ नावाची प्रॉपर्टी ट्रू करायची. मग चौकटीला तीन अवस्था मिळतात: रिकामी, टिक, आणि मधली, जिला ‘इनडिटरमिनेट’ म्हणतात. मधल्या अवस्थेत टिकेऐवजी आत भरीव चौकोन दिसतो. नवी नोंद उघडली की चौकट मधल्या अवस्थेत ठेवा, म्हणजे हात लागलेला नाही हे लगेच दिसतं.

आता इथे नीट लक्ष द्या. तिसरी अवस्था चालू केल्यावर ‘चेक्ड’ वाचलं, तर मधल्या अवस्थेलाही ते ट्रू सांगतं! म्हणजे कोणी विचारलेलंच नाही, आणि ॲप म्हणतं चाळणी झाली. म्हणून थ्रीस्टेट असेल तर ‘चेक्ड’ विसरायचं आणि ‘चेकस्टेट’ वाचायचं. त्यात रिकामीला ०, टिकेला १, मधलीला २. क्यूटी वापरणाऱ्यांनी हेच आकडे उचलू नका, तिथे मधली १ आणि टिक २ आहे. आकडे पाठ करण्यापेक्षा अवस्थांची नावं लिहिलेली बरी. डेटाबेसमध्ये मधल्या अवस्थेसाठी रकाना रिकामा सोडा, म्हणजे ‘नल’. तिथे शून्य घातलंत तर सगळी मेहनत वाया.

पुढचा खड्डा पैशांचा. टिक बदलली की ‘चेक्डचेंज्ड’ नावाची घटना घडते, आणि तिथे आपण कोड लिहितो. समजा लिहिलं: टिक आली की रकमेतून चाळणीचे ३०० वजा, टिक गेली की ३०० अधिक. दिसायला ठीक. पण ही घटना माणसाने क्लिक केल्यावरच घडते असं नाही, कोडने टिक बदलली तरी घडते. जुनी पट्टी प्रिंट काढायला उघडली, ॲपने साठवलेली टिक चौकटीत भरली, की घटना घडली, आणि आधीच कापलेले ३०० पुन्हा कापले गेले. कोणी काही केलेलं नाही, तरी शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीवर कमी रक्कम.

काही जण मग घटना तात्पुरती बंद करणारे फ्लॅग लावत बसतात. मला ते आवडत नाही. त्यापेक्षा अधिक-वजा करूच नका. दर वेळी हिशेब मुळापासून करा: वजन गुणिले भाव, आणि चाळणीची टिक असेल तर त्यातून ३०० वजा. मग ती घटना दहा वेळा घडली तरी उत्तर तेच येतं.

पायथनच्या टीकिंटरमध्ये चौकटीला ‘बूलियनव्हार’ जोडावं लागतं, आणि ते फंक्शनच्या आत तात्पुरतं बनवलं तर फंक्शन संपताच नाहीसं होतं. चौकट विचित्र दिसली की आधी हे तपासा. ते क्लासमध्ये ‘सेल्फ’ला बांधून ठेवलं की प्रश्न मिटतो.

चौकटीशेजारचं वाक्य नेहमी होकारार्थी ठेवा. ‘चाळणी केली नाही’ याच्यावर टिक नसेल तर काय समजायचं? आणि आधीपासून टिक मारून ठेवायची असेल तर दोनदा विचार करा, विशेषतः पैसे कापायचे असतील तेव्हा. ग्राहकाच्या संमतीशिवाय खरेदीत जादा वस्तू घुसवणं हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फसव्या डिझाइनच्या १३ प्रकारांत मोडतं. त्या सूचना ऑनलाइन व्यवहारांसाठी आहेत, पण गोदामातल्या ॲपला वेगळी नीती कशाला?

राहिला कीबोर्ड. काट्याजवळ धूळ असते आणि माउस कधीच धड चालत नाही. चेकबॉक्सवर टॅबने जाता येतं आणि स्पेसबारने टिक बदलते, हे फुकट मिळतं. फक्त ‘टॅबइंडेक्स’चे आकडे कागदी पट्टीच्या क्रमाने लावा. फॉर्म झाला की माउस काढून बाजूला ठेवा आणि दहा नोंदी नुसत्या कीबोर्डवर करून बघा. कुठे अडकलात ते मला कळवा. पुढच्या भागात रेडिओ बटणं.