पर्यावरणाच्या निर्णयात 'जनता' म्हणजे नक्की कोण?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

'पर्यावरणाच्या निर्णयात लोकसहभाग हवा' हे वाक्य आपण सगळेच ऐकतो आणि मान डोलावतो. पण यातले 'लोक' म्हणजे कोण? समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर यांनी हाच प्रश्न वर्षानुवर्षं दिल्लीत लावून धरला. २०२० मध्ये आलेलं त्यांचं 'अनसिव्हिल सिटी' हे पुस्तक याच अभ्यासातून आलंय.

त्यांनी लिहिलेली एक घटना ऐका. जानेवारी १९९५, दिल्लीतलं अशोक विहार. एका बाजूला बंगले, दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी आणि मध्ये एक मोकळी जागा. बंगलेवाल्यांसाठी ती बाग होती. झोपडपट्टीत हजारो कुटुंबं आणि संडास मोजकेच, त्यामुळे तिथल्यांना शौचासाठी तीच जागा. एका सकाळी तिथे आलेल्या १८ वर्षांच्या मुलाला काही रहिवासी आणि पोलिसांनी इतकं मारलं की तो गेला. निषेधाला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात आणखी चौघे मेले.

आता बघा, बाग स्वच्छ हवी ही मागणी चुकीची आहे का? नाही ना. पण ती मागणी करणारे 'नागरिक' ठरले आणि ज्यांना संडास हवा होता ते 'घाण करणारे' ठरले. पर्यावरणाकडे बघायच्या या नजरेला बाविस्कर 'बुर्ज्वा एन्व्हायर्नमेंटलिझम' म्हणतात. सोप्या भाषेत, सुस्थितीतल्या लोकांची सोय आणि आवड हेच सगळ्यांचं हित मानलं जातं.

हेच मोठ्या पातळीवरही झालं. प्रदूषणाविरुद्धच्या एका जनहित याचिकेवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले १६८ घातक कारखाने बंद करायचा आदेश दिला. हवा सगळ्यांचीच, त्यामुळे हेतूबद्दल वाद नाही. कामगारांना भरपाई द्यायलाही न्यायालयाने सांगितलं होतं. पण कितीतरी कामगारांची नावं हजेरीपटावरच नव्हती. कागद नाही, म्हणजे भरपाई नाही.

मग आलं २००४. यमुनेच्या काठावरच्या 'यमुना पुश्ता' वस्तीतली हजारो घरं पाडली. अनेकांना शहराच्या टोकाला, बवानाला धाडलं. नदी घाण होते, हे एक कारण सांगितलं गेलं. पण यमुनेत सगळ्यात जास्त घाण येते ती नजफगढसारख्या मोठ्या नाल्यांतून, म्हणजे फ्लशवाल्या घरांमधूनसुद्धा. पुढे २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं क्रीडाग्राम यमुनेजवळच उभं राहिलं.

बाविस्कर यांचा मुद्दा असा, की बोलायची संधी मिळण्याआधीच कुणाला 'जनता' म्हणून मोजायचं हे ठरून गेलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, आता तर कायद्यात जनसुनावणी आहे! आहे की. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे खाण, वीज प्रकल्प वगैरे अनेक मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीआधी ती घ्यावी लागते. किमान ३० दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, सगळ्याचं व्हिडिओ चित्रण आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं.

पण यातही गाळणी आहेच. स्थानिक भाषेत फक्त सारांश मिळतो, पूर्ण अहवाल नाही. किमान किती लोक हजर हवेत, याची अट नाही. लोक काय म्हणाले ते नोंदवलं जातं, पण सगळ्यांनी 'नको' म्हटलं तरी प्रकल्प आपोआप रद्द होत नाही. आणि शहरातल्यांनो, मोठ्या इमारती आणि टाउनशिप प्रकल्पांना तर याच अधिसूचनेने जनसुनावणीतून सूट दिली.

भाषेचंच घ्या. २०२० मध्ये केंद्राने हे नियम बदलणारा मसुदा आणला. त्यात नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायची होती. मसुदा इंग्रजी आणि हिंदीत होता. मराठी, तमिळ, उडिया वाचणाऱ्याने हरकत घ्यायची तरी कशी? शेवटी जूनमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत त्याचं भाषांतर करा.

म्हणून यापुढे 'स्थानिकांचा पाठिंबा आहे' अशी बातमी फोनवर आली, तर तीन गोष्टी बघा. माहिती कुठल्या भाषेत दिली होती? सुनावणी कुठे आणि किती वाजता होती, म्हणजे रोजंदारी बुडवून यावं लागलं का? आणि ज्याचं घर किंवा काम जाणार, तो खोलीत होता का? पर्यावरण मंजुरीच्या प्रकल्पांची कागदपत्रं सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर असतात, जनसुनावणीच्या नोटिसा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर. तुमच्या तालुक्याचं नाव टाकून एकदा शोधा, आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा.

भेटू पुढच्या भागात!